कापड उलटं करून दाखवणाऱ्या गव्हाणेबाई

आदरणीय गव्हाणेबाईंशी माझी ओळख झाली ती माझ्याच चुकीमुळं. बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात विद्वान मंडळी लिहितीलच. मी दहावी शिकलेली गृहिणी. पण ही हकिगत माझ्याशिवाय दुसरं कोणी सांगू शकणार नाही, म्हणून लिहिते.

माझी वैशाली तेव्हा सातवीत होती. बाई इतिहास शिकवत. दिल्लीच्या सुलतानानं राजधानी आपल्या दौलताबादला हलवली, तो धडा त्यांनी मुलांच्या डोक्यावर गाठोडी देऊन, मैदानाला फेऱ्या मारायला लावून शिकवला. दिल्लीहून आलेल्या त्या लोकांबरोबर विणकर आले आणि इथं हिमरूचं, म्हणजे वेलबुट्टीच्या कापडाचं, विणकाम सुरू झालं, असं सांगतात. मग मुलांनीही हिमरू विणून बघायचं ठरलं. बाईंची अट एकच होती: बाजारातून काही आणायचं नाही. बुटाच्या खोक्याचा माग आणि उसवलेल्या स्वेटरची लोकर. एवढं ऐकूनच बाई मला आवडल्या होत्या.

वैशालीनं पंधरा दिवस खपून पाच तांबडी फुलं विणली. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी देवपूजा आटोपून मी ते कापड हातात घेतलं, तर मागच्या बाजूनं नुसते धागे लोंबत होते. चार पाहुणे बघणार, असं अजागळ कसं न्यायचं? मी कात्री घेतली आणि सगळे धागे साफ कापून टाकले.

"आई, काय केलंस गं हे!" वैशाली किंचाळली. तिनं हात लावताच फुलं सुटून आली. "मागचे धागेच फुलाला धरून असतात. मी नाय जाणार आता शाळेत. कधीच नाय."

तिला हाताला धरून मीच शाळेत नेलं. वर्गात एक पोरगी म्हणाली, "काकूंनी हिमरूची हजामत केली व्हय?" सगळा वर्ग खिदळला. वैशालीची मान खालीच.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कापड उलटसुलट करून पाहिलं. "कात्री कोणी चालवली?"

"मीच, बाई. लई लोंबत होते."

"बसा इथं. पोरांनो, मागचे धागे कशाला असतात हे मी किती दिवस सांगतेय, तुम्ही नुसत्या माना हलवल्या. आज काकूंमुळं डोळ्यांनी दिसलं. वैशाली, आता आईला शिकव."

भरल्या वर्गात माझ्या लेकीनं मला विणायला शिकवलं. बचत गटाची वही मीच लिहिते, त्यामुळं चौकटी मोजायची सवय. तीन धागे वर, दोन खाली, हे पटकन जमलं. दुपारपर्यंत एक फूल उभं राहिलं. बाकीची चार बाईंनी मुद्दाम तशीच ठेवली. प्रदर्शनात ते कापड त्यांनी सगळ्यांत पुढं मांडलं, तेही उलटं. येणारा प्रत्येक जण तिथंच थांबायचा आणि वैशाली त्याला समजावून सांगायची. तिचा आवाज मला फाटकापर्यंत ऐकू येत होता.

पुढं दरवर्षी हिमरूच्या धड्याला बाई मला बोलावत राहिल्या. "आल्या बघा कात्रीवाल्या काकू," अशी माझी ओळख करून देत आणि बसायला स्वतःची खुर्ची देत. वैशाली आता शेंद्र्याला कारखान्यात नोकरी करते. कापड हातात आलं, की अजूनही आधी उलटं करून बघते.

रोज देवापुढं दिवा लावताना मी बाईंसाठी हात जोडते. त्यांची नजर आणि बोटं अशीच चालती राहोत. माझी नात आता तीन वर्षांची आहे. तिला खोक्याचा माग घेऊन बाईंच्या पुढ्यात बसवायचंय. कात्री मी आत्तापासूनच वर ठेवून दिलीय.