इंगळे मॅडमचा कूलर

हातात बाटली आली की इंगळे मॅडम ती आधी उलटी करायच्या. शाई, खोबरेल तेल, कँटीनमधला सॉस, काहीही. एका लग्नात त्यांनी श्रीखंडाची वाटी उलटी धरली आणि "जमलं" म्हणाल्या, तेव्हा शेजारच्या बाई उठून दुसऱ्या पंगतीत गेल्या.

अकोल्याच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. अमरावतीहून रोज एसटीने यायच्या. त्यांचं संशोधन जेलवर होतं. काचेच्या नळीत चिमूटभर पावडर गरम पाण्यात विरघळवायची आणि निवू द्यायची. निवताना तिचे रेणू आपणहून एकमेकांना धरतात, त्यांचे धागे होतात, धाग्यांचं जाळं होतं आणि सगळं पाणी त्यात अडकून बसतं. नळी उलटी करून थेंब पडला नाही, म्हणजे जेल जमलं. जखमेवर लावलेल्या अशा जेलमधून औषध हळूहळू सुटावं, यासाठी त्यांचा सगळा आटापिटा होता. मी त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी. पहिल्याच दिवशी मी नळी हलवून पाहिली.

"काहून हलवून राहिला बे?" त्या कडाडल्या. "तुही माय दह्याचं भांडं असंच हलवते का? त्याइले त्याइचं काम करू दे. तू फक्त थंडावा दे अन् हात काढ."

पण अकोल्याच्या मे महिन्यात थंडावा आणायचा कुठून? त्या उन्हात जेल जमतच नसे. कॉलेजने काही दिलं नाही, तेव्हा मॅडमनी घरचा कूलर आणून लॅबमध्ये लावला.

आमच्या संशोधन केंद्राची मान्यता टिकवायची की काढायची, हे ठरवायला विद्यापीठाची समिती आली तीही मे महिन्यातच. त्या सकाळी मॅडम लॅबमध्ये आल्या तर कूलर गायब. प्राचार्यांनी पाहुण्यांसाठी तो आपल्या केबिनमध्ये नेला होता. न विचारता! नळ्यांमध्ये नुसतं पाणी डुचमळत होतं. मॅडमनी पावडर पुन्हा विरघळवली, नळ्यांचा स्टँड उचलला आणि थेट केबिनमध्ये जाऊन समितीच्या टेबलावर कूलरसमोर ठेवला.

"सर, कूलर माह्या घरचा आहे. तुमाले गरमी होते, मले समजते. पन याइले जास्त होते. आता टेबलाले कोनी हात लावू नका."

प्राचार्यांना राहवतंय कुठे? मधेच एक नळी उचलून त्यांनी खळखळ हलवली. "मॅडम, हे तं काही झालं नाही."

"तुमी होऊ द्याल तं होईल ना!" म्हणत मॅडमनी नळी त्यांच्या हातातून ओढून घेतली. बाकीच्या नळ्या निवेपर्यंत त्या तिथेच राखण करत उभ्या राहिल्या. मग त्यांनी एक नळी उचलली आणि समितीच्या उघड्या फाइलवर उलटी धरली. थेंब पडला नाही. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही जिंकलो असं मला वाटलं.

पुढे अहवाल आला. मान्यता रद्द. कारण, प्रयोगशाळेत थंडाव्याची सोय नाही! आमच्याच पळवलेल्या कूलरच्या वाऱ्यात बसून गेलेल्या समितीने हे लिहिलं होतं. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. माझी पीएचडीची नोंदणी अमरावतीच्या केंद्रात गेली, मॅडमचं संशोधन थांबलं आणि कूलर केबिनमध्येच राहिला. मॅडमनी तो पुन्हा पुन्हा मागितला. "पाहुणे येतात ना, मॅडम," एवढंच उत्तर मिळायचं.

मी पुढे त्याच कॉलेजात शिकवायला लागलो. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर मॅडम गेल्या. निवृत्तही झाल्या नव्हत्या. शोकसभा प्राचार्यांच्या केबिनमध्ये ठेवली, कारण तिथे गार असतं. "मॅडमच्या संशोधनाला आम्ही नेहमीच पाठबळ दिलं," प्राचार्य म्हणाले आणि मौन पाळायला उभे राहिले. सगळे माना खाली घालून उभे होते. कूलर खडखडत होता.

मी जाऊन त्याची पिन उपटली. खडखड थांबली.

"अरे, काय करून राहिला?" प्राचार्य दबक्या आवाजात म्हणाले.

"मॅडमचा कूलर आहे, सर. नेऊन राहिलो."

कुरकुरत्या चाकांवर मी तो व्हरांड्यातून ढकलत नेला. कोणीही अडवलं नाही. लॅबमध्ये त्याच्या जुन्या जागी लावला, पाणी भरलं आणि नळ्यांचा स्टँड त्याच्यासमोर ठेवला. आता तो तिथेच आहे. कोणी न्यायला येऊन तर बघा.