डब्यातला मोगरा

भाड्याच्या पाच खोल्या बदलल्या. दर वेळी आई मोगऱ्याचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन टेम्पोत बसायची. परक्याच्या जमिनीत झाड लावायचं नाही, हा तिचा हट्ट.

मी घरातला पहिला ग्रॅज्युएट. येरमाळ्यात घर बांधलं आणि फुलझाडांची यादी घेऊन रोपवाटिकेत गेलो. तिथल्या माणसाचं नाव मला अजून ठाऊक नाही. अंगठ्यानं माती दाबत तो प्रत्येकाला आधी एकच विचारतो, "पाणी कोण घालणार?"

"आई."

"मग यादी तुमची कशी, साहेब?"

संध्याकाळी आईलाच विचारायला तो स्वतः घरी आला. डबा बघून त्यानं पत्रा कापायची कात्री काढली. आईनं डबा पोटाशी धरला. "मरंल की ओ!"

"मावशी, लई कोंडलंय त्ये. आता जागा तुमचीच हाय न्हवं?"

आईनं डबा सोडला. दारासमोरची जागा तिनंच दाखवली.

यंदा मोगरा फुलला, आमच्या स्वतःच्या जमिनीत.