शंभर टक्केवाले मामा

आमच्या मामांना अख्खी वसाहत ‘शंभर टक्के’ म्हणायची. गॅस बंद केलात का? शंभर टक्के. बस येईल का? शंभर टक्के. बस यायची नाही ती नाहीच, पण मामांची खात्री तसूभर ढळायची नाही.

अणुवीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात एकतीस वर्षं काढलेला माणूस. तिथल्या संगणकांना बाहेरच्या जगाची एकही तार जोडलेली नाही, याचा त्यांना कोण अभिमान! पेनड्राइव्ह घालायच्या खाचांवर कागदी सील चिकटवून सही करायचं काम त्यांच्याचकडे होतं. सही अशी झोकदार, की व्हायरसनेच ओशाळून परत जावं.

त्यांच्या लेकीला, म्हणजे माझ्या मामेबहिणीला, ताईला, वसाहतीतल्या शाळेत नोकरी मिळाली होती. आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन इथे राहायला यायचं की नाही, एवढंच ठरायचं होतं. मामींनी पाळणा आणूनही ठेवला होता. तेवढ्यात कुठल्याशा कारखान्याचे संगणक व्हायरसने बंद पाडल्याची बातमी आली आणि गावाचं धाबं दणाणलं. जाहीर सभा ठरली.

“तुमचं शंभर टक्के नको, बाबा,” ताई म्हणाली. “सभेत काय सांगतात ते ऐकते, मग ठरवते.”

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सलूनवाल्याने विचारलं, “व्हायरस घुसला तर भट्टी फुटणार का?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कोळशाच्या धुराने खोकणारे माझ्या दवाखान्यात येऊन बघा, मग अणूला नावं ठेवा.” टाळ्या दोघांनाही पडल्या. मग केंद्राच्या साहेबांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. “बाहेरचं काहीही आत येऊ शकत नाही. आमचे सर्वांत जुने सहकारीच सांगतील.” माइक मामांच्या हातात आला.

पहिल्या रांगेत ताईच्या मांडीवर बसून नात सभेचं पत्रक चघळत होती. मामा तिच्याकडे बघत राहिले.

“आलं होतं,” ते म्हणाले.

“काय आलं होतं?” साहेब हसायचा प्रयत्न करत म्हणाले.

“बाहेरचं. आत. मीच आणलं. ही जन्मली तेव्हाचे फोटो माझ्या खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये होते. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, पाळी सुटायला सात तास. मला धीर धरवेना. सील काढलं, फोटो पाहिले, नवं सील लावून सही ठोकली. अख्ख्या पाळीने पाहिले. कुणी अडवलं नाही. उलट नाक कुणासारखं, यावर वाद घातला.”

लोक हसले आणि मग एकमेकांकडे बघू लागले.

“झालं काही नाही,” मामा म्हणाले. “पण ते नशीब. त्यात आमची हुशारी नव्हती.”

साहेबांनी रिकामा ग्लास तोंडाला लावला. मला मामांचा राग आला आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. त्यांची नियंत्रण कक्षातली खुर्ची दुसऱ्याच दिवशी गेली. निवृत्तीला पाच महिने उरले होते. तेवढे त्यांनी कागदपत्रांच्या खोलीत काढले.

पण त्या दिवशी, सभा संपल्यावर, सभागृहाच्या पायऱ्यांवर ताई रडवेली झाली होती. “मी नाही येत इथे, बाबा. आता कशी येऊ?”

मामा एक पायरी उतरून तिच्याजवळ आले.

“काय गरज होती बोलायची? गप्प बसला असतात तर मी आले असते ना!”

मामांनी नातीला कडेवर घेतलं. तिच्या तोंडातला कागद हळूच काढला.

“म्हणूनच तर बोललो,” ते म्हणाले.