साडूभाऊंची बसल्या जागेची कमाई

बसून खाणारी माणसे जगात पुष्कळ आहेत, पण बसून खाता यावे म्हणून दिवसभर पळापळ करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझे नशीब. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वयाने, मानाने आणि आवाजाने माझ्याहून मोठे. राहणार लातूर, पण घरात कुठल्या खोलीत राहतात ते सांगणे अवघड, कारण ते सगळ्या खोल्यांतून सारखे जात-येत असतात. जेवायला बसतात तेही एक गुडघा उभा ठेवून, म्हणजे उठायला सोपे. चहा स्वयंपाकघरात सुरू करतात आणि अंगणात संपवतात; कप मग स्कूटरच्या सीटवर सापडतो. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना ते मांडवाबाहेर वऱ्हाडाची दुसरी गाडी आली का ते बघायला गेले होते, असे माझी बायको सांगते. थोरली, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती हे नाकारत नाही. "ह्येंचं बूड पाटाला टेकलं असतं तर मी त्यो पाट देव्हाऱ्यात ठिवला असता," एवढेच म्हणते.

गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत त्यांचे भांड्यांचे दुकान होते. दुकान चांगले होते, दुकानदाराचा स्वभाव मात्र धंद्याला घातक होता. गिऱ्हाइकाने पातेले हातात घेतले की हे ते काढून घेत, नखाने टिचकी मारत, कानाशी धरत आणि म्हणत, "ह्ये नका घेऊ. बूड पातळ हाय, पिठलं लागंल." रेणापूरकडची माणसे लग्नाची भांडी काढायची म्हटले की आधी यांच्याकडे येत, कारण इथे फसवणूक होणार नाही याची खात्री. पुढे पुढे माणसे आली ती भांडे दाखवायला. फोनवरचा फोटो यांच्यापुढे धरायचा, "हे कसं हाय, मामा?" विचारायचे, यांनी मनापासून सांगायचे आणि त्यांनी दुकानाच्या पायरीवरच फोनवरून मागवायचे. दिवाळीच्या आधी दुकान बंद झाले. पुण्यातला मुलगा म्हणाला, आता तुम्ही दोघे इकडेच या. त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. साडूभाऊ तिथे एकदा चार दिवस राहून आले होते. "खाली उतरायचं तर लिफ्टची वाट बघायची. माणसानं काय लिफ्टच्या मर्जीनं जगायचं?" असे त्यांनी मला विचारले होते. शेवटी बापलेकांत ठरले ते असे, की गुढीपाडव्यापर्यंत लातुरातच काही उत्पन्न सुरू झाले तर राहायचे, नाहीतर घराला कुलूप लावून पुण्याला निघायचे.

उत्पन्नाची वाट त्यांना कुणीतरी कटिंगच्या दुकानात दाखवली. फोनवर छोटे व्हिडिओ करायचे. एखादी वस्तू दाखवायची, तिच्याबद्दल दोन शब्द बोलायचे आणि खाली लिंक द्यायची. बघणाऱ्याने त्या लिंकवरून वस्तू घेतली की आपल्याला कमिशन. "यकदा व्हिडिओ टाकला की बसल्या जागी पैसे यायलेत, पाव्हणं," त्यांनी मला नांदेडला फोन करून सांगितले. "पॅसिव्ह इन्कम म्हणतेत त्येला." बोलताना पलीकडून रिक्षाचे हॉर्न ऐकू येत होते, बसल्या जागेची ही बातमी ते चालत चालत देत होते.

पहिला व्हिडिओ मी पाहिला तेव्हा त्यात अर्धा वेळ भिंत होती आणि आवाज यांचा होता. फोन डब्याला टेकवून ते समोर उभे राहिले, "नमस्कार मंडळी" म्हणाले आणि बोलता बोलता ओसरीवर निघून गेले. तेव्हापासून फोन धरायचे काम माझ्याकडे आले. रविवारी मी लातूरला जायचे आणि त्यांच्या मागे फोन घेऊन पळायचे. माझी बायको म्हणायची, तुमचे पोट तरी कमी होईल. ते बाकी खरे झाले. कुठलीही वस्तू असो, साडूभाऊंचा पहिला प्रश्न ठरलेला, हिला पाणी किती लागते. लातूरच्या माणसाने ज्या टंचाया काढल्या आहेत त्या पाहता यात नवल नाही. शेजाऱ्यांचा नवा कूलर दाखवताना त्यांनी त्याच्या गार हवेबद्दल अवाक्षर काढले नाही. "ह्यो दिवसाला यका पाव्हण्याचं पाणी पितंय," असे कॅमेऱ्याला सांगितले आणि वर सल्ला दिला, "पाव्हणा परवडला. त्यो कवातरी जातंय." चपात्या लाटून भाजून देणारे यंत्र त्यांनी कौतुकाने मागवले आणि त्यात ज्वारीचे पीठ घातले. आत काय घडले ते देवाला ठाऊक, बाहेर आले ते अक्काने गाईला घातले. व्हिडिओच्या शेवटी बाकीचे लोक "लगेच मागवा" म्हणतात. हे म्हणत, "गडबड करू नका. घरच्यांना इचारा. न्हाई घेतलं तरी चालतंय." लोक त्यांचे ऐकत आणि घेत नसत.

एकदा ते आमच्याकडे, नांदेडजवळ विष्णुपुरीला आले. आल्या आल्या आमच्या कुकरला, मिक्सरला आणि नव्या सोफ्याला टिचकी मारून झाली. मग माझ्या मनगटावरचे घड्याळ दिसले. पाण्यात चालते असे त्याच्या डब्यावर लिहिले होते. "कोन म्हणतंय?" ते म्हणाले, "आपण बघू." धरणाखालच्या घाटावर जाऊन त्यांनी घड्याळाला सुतळी बांधली आणि विहिरीत पोहरा सोडावा तसे ते गोदावरीत सोडले. थोड्या वेळाने ओढले तर नुसती सुतळी वर आली. मी फोन धरूनच होतो. साडूभाऊ सुतळीच्या टोकाकडे पाहून शांतपणे म्हणाले, "मंडळी, घड्याळ पाण्यात चालतंय का न्हाई ते आज कळलं न्हाई. चालत असंल." ते घड्याळ मला बायकोने दिले होते. तिला मी काय सांगितले तो भाग इथे नको.

संक्रांत गेली, शिवरात्र गेली, तसे त्यांचे फिरणे बदलले. आधी ते कशाच्या तरी मागे असत, आता नुसतेच चालत. फोन खिशातून काढायचे, कमिशन आले का बघायचे, ठेवायचे, अंगणात जायचे, परत काढायचे. मला त्या चालण्याची फार कीव आली, आणि भीतीही वाटली. एकदा स्टँडवर मला सोडायला आले असताना म्हणाले, "तिथं पुण्यात मला कोन इचारणार हाय, पाव्हणं? हितं निदान रस्त्यात अडवून इचारतेत, मामा, कढई कोनती घिऊ." मी काहीतरी बोलायचे म्हणून बोललो, होईल सगळे नीट. त्यांनी मान डोलावली आणि माझी बस लागली का ते बघायला तिसऱ्यांदा गेले.

आणि पाडवा तोंडावर आला असताना खरेच नीट होण्याची वेळ आली. कुकर करणाऱ्या एका कंपनीने कूलरचा व्हिडिओ पाहिला होता. हा माणूस लोकांना खरा वाटतो, असे त्यांना वाटले. त्यांनी नमुन्याचा कुकर पाठवला: व्हिडिओ करा, कुकर जसाच्या तसा परत करा, आवडले तर दर महिन्याला काम देऊ. साडूभाऊंनी कुकरला टिचकी मारली, कानाशी धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. कुकर खरोखर उत्तम होता. व्हिडिओ सुरू केल्यापासून पहिल्यांदा त्यांना खोटे न बोलता कौतुक करता येणार होते. मी फोन धरला, ते सुंदर बोलले, एकदाही चौकटीबाहेर गेले नाहीत. आणि बोलता बोलता खाली वाकून त्यांनी दुकानातले नाव घालायचे मशीन काढले.

ज्यांनी भांड्यांचे दुकान चालवले आहे त्यांनाच हे कळेल. आहेराचे भांडे कोरे द्यायचे नाही आणि कोरे घ्यायचे नाही. कुणाकडून कुणाला, ते त्यावर कोरलेले हवे. तो हात इतक्या वर्षांचा होता की तो कुणाला विचारायला थांबला नाही. मशीन घरघरले आणि बघता बघता कुकरच्या पोटावर कंपनीचे नाव आले, त्याखाली 'यांजकडून', आणि त्याखाली अक्काचे नाव. माझ्याही काही लक्षात आले नाही. मी तर अक्षर छान आले म्हणून फोन जवळ नेला.

दोन दिवसांनी कंपनीतल्या मुलीचा फोन आला. "सर, तो पीस परत पाठवायचा होता." साडूभाऊ गोंधळले. "पोरी, तुमचंच नाव घातलंय की. तुमच्याकडून आलंय म्हणून सांगितलंय सगळ्याला." ती भली मुलगी हसली असावी, पण काम गेले. व्हिडिओ मात्र खूप चालला. खाली बायकांनी भरभरून लिहिले होते, आणि कुकर कुठे मिळतो हे एकीनेही विचारले नव्हते. सगळ्यांचा प्रश्न एकच, असे नाव कुठे घालून मिळते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. आम्ही दोघे नांदेडहून निरोप द्यायला गेलो होतो. पाहतो तर दारात गल्लीतल्या बायका तांबे, पराती, डबे घेऊन उभ्या. मामा चालले, आता नाव कोण घालणार, म्हणून. साडूभाऊ उंबऱ्याशी मांडी घालून बसले होते. मांडी घातलेले त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मुलगा आधी दर थोड्या वेळाने घड्याळ बघत होता, नंतर तोही एकेक भांडे त्यांच्या हातात द्यायला लागला.

बायका गेल्यावर अक्का घरातली परात घेऊन आली. पुण्याला न्यायच्या सामानातली. दुकानदाराच्या घरातली भांडी, त्यांच्यावर कधी कुणाचे नाव नव्हते.

"ह्येच्यावर घाला," ती म्हणाली.

"कुणाचं? तुझं का माझं?"

"नाव नगं. लातूर घाला."

साडूभाऊंनी मशीन बंद केले आणि तिच्याकडे पाहिले. इतके महिने ती हसत होती, टोमणे मारत होती, जायचे नाही असे एका शब्दाने म्हणाली नव्हती. माझी बायको तोंड फिरवून अंगणात गेली. मला काय करावे ते सुचेना, म्हणून मी सवयीने खिशातला फोन काढला.

"नगं, पाव्हणं," ते म्हणाले. "ह्ये कुणाला घ्यायला लावायचं न्हाई."

मग त्यांनी परातीच्या काठावर सावकाश गाव कोरले. काम झाले, मशीन थांबले, गाडीची डिकी उघडी होती. साडूभाऊ परात मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले, आणि त्यांना उठा म्हणायला आमच्यातले कुणीच पुढे झाले नाही.