ठेवून पाहणाऱ्या काकू

"थांबा जी मॅडम, पहिले ठेवून पाहू द्या."

कुडवा गावातल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासात हे वाक्य रोज ऐकू यायचं. काकू पाण्याच्या बाटलीचं झाकण काढायच्या. ते आधी पेल्यावर ठेवायच्या, मग पेल्यात टाकायच्या, मग पेला उचलून त्याखाली सरकवायच्या. ऑन, इन, अंडर. हाताने ठेवून पाहिल्याशिवाय शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडत नसे.

देवरीकडची धानाची शेती दिराला कसायला देऊन काका-काकू इथे आले होते. काकांनी घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान टाकलं होतं. माझ्या वर्गात सगळ्या नोकरी शोधणाऱ्या मुली, त्यांच्यात पन्नाशी ओलांडलेल्या काकू एकट्याच.

"तुम्हाला इंग्रजी कशाला हवंय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"पोरगी ऑस्ट्रेलियात, जावई केरळचा. घरात इंग्रजीच. नातीचा फोन येते, लेकरू बोलते, मी नुसती हासते. कंटाळून पळून जाते ते. असं किती दिवस हासू?"

मग मीही जोर लावला.

पण आपल्या मराठीचं तुम्हाला ठाऊक आहेच. पुस्तक टेबलावर, पंखा डोक्यावर, पाहुणे स्टेशनवर. एका 'वर'मध्ये आपलं सगळं भागतं. काकूंनी एकदा मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "द फॅन इज ऑन माय हेड." मुली हसल्या. काकूंनी मान वर करून पंखा पाहिला आणि सगळ्यांत जास्त त्याच हसल्या. "पडला त ऑन. तवरक ओव्हर."

छताला चिकटलेल्या पालीने मात्र दोन तास खाल्ले. "ते त खालून लटकून राहिली. ऑन कायले?" मी म्हटलं, टेकलंय ना, म्हणून ऑन. काकूंनी कपाळावरच्या टिकलीला बोट लावलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरला. "मतलब चिपकलं का ऑन." तो दिवस त्यांचा फार आनंदात गेला.

'ऑन द बस' त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. "बसवर बकऱ्या चढवत होते आमच्याकडे. मी अंदर बसून आली जी." इंग्रज तसंच म्हणतात, एवढंच मी सांगितलं. "म्हणू दे मंग," त्या म्हणाल्या.

डिसेंबरात लेक आणि पाच वर्षांची नात आल्या. काकूंनी मला जेवायला बोलावलं. नात आईच्या ओढणीला धरून होती, आजीकडे बघेना. जेवणं झाल्यावर आम्ही पाहतो तो नात गायब. लेक घाबरून उठली, तर काकूंनी तिला हाताने बसवलं आणि मोठ्याने विचारलं, "आर यू अंडर द कॉट?"

दुकानातून आवाज आला, "नो."

"आर यू बिहाइंड द डोअर?"

"नो." आवाजात हसू होतं.

आम्ही दुकानाच्या दारात गेलो. तांदळाच्या दोन पोत्यांमधून एक वेणी दिसत होती. काकू पुढे झाल्या आणि थबकल्या. वळून माझ्या कानाशी आल्या. "दोघाच्या बीचमंदी असलं त काय म्हणतेत जी?"

तो शब्द आमच्या क्लासात अजून व्हायचा होता. मी हळूच सांगितला. त्यांनी दोन मुठी एकमेकींजवळ धरल्या, ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, आणि मग म्हणाल्या, "यू आर बिटवीन द राइस."

पोरगी किंचाळून बाहेर आली ती थेट आजीच्या अंगावर. काकूंच्या पदराला, केसांना तांदळाचा कोंडा लागला. तो झटकायचंही त्यांना सुचलं नाही. काका गल्ल्यामागे डोळे पुसत गिऱ्हाइकाला साखर देत होते.

गेल्या वर्षी लेकीने काका-काकूंना ऑस्ट्रेलियालाच नेलं. क्लासात आता छताकडे कुणी बघत नाही.

परवा काकूंचा व्हिडिओ कॉल आला. अंगात स्वेटर, डोक्यावर पदर. "तिकडं धान निघाला का जी?" एवढं त्यांनी विचारलं, तोच मागून एक गोरटेला हात येऊन त्यांचं मनगट ओढू लागला.

"आजी, चाल ना वं. काऊन बसून राहिली?"

हे त्या नातीने म्हटलं. अगदी देवरीच्या बाजारातल्या बाईच्या सुरात.

काकू उठल्या. फोन सोफ्यावर राहिला, तो बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. पडद्यावर नुसतं पांढरं छत होतं, आणि दूर कुठल्या तरी खोलीतून दोघींचं हसू येत होतं. मीही लगेच बंद केला नाही.