चार मिनिटांची लाट

पास्कूकाकांना कुणी आनंदाची बातमी सांगितली की ते आधी चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने सावकाश पुसायचे आणि विचारायचे, "बंद करून परत चालू केलंस काय?" बातमी प्रयोगाची असो, नाहीतर कुणाचं लग्न ठरल्याची. आमच्या संस्थेत नवीन आलेल्या माणसाला याचा राग यायचा. मलाही आला होता.

संस्था गोरेगावला, आरेच्या कडेला. मी मुलुंडहून यायचे, दोन बस बदलून. आमच्या घरात दहावीच्या पुढे शिकलेली मी पहिली. पीएच.डी. म्हणजे नक्की काय हे आईला सांगता सांगता माझीच दमछाक व्हायची. इमारतीच्या गच्चीवर मोठी तबकडी होती, तिथे लांब गेलेल्या यानांचा माग काढणारे लोक बसत. मधल्या मजल्यावर ढगांचा अभ्यास करणारे, आणि तळमजल्यावर आम्ही, वितळलेल्या धातूंवर काम करणारे. काकांच्या भाषेत यानवाले, ढगवाले आणि धातूवाले. या तिघांच्या मध्ये एकच कार्यशाळा आणि तिथे एकच पास्कूकाका. हुद्दा मेकॅनिकचा. मरोळच्या जुन्या गावठाणात त्यांचं घर होतं. बापजाद्यांची भातशेती कधीच इमारतींखाली गेली होती. आयटीआय करून ते इथे चिकटले, ते निवृत्तीपर्यंत.

ते कुठल्याही यंत्राला आधी तळहात लावायचे, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा. मीटर नंतर. एकदा यानवाल्यांकडे मोठी धावपळ उडाली. लांबच्या एका यानाचा संदेश रोज सकाळी क्षीण होत होता आणि दुपारी सुधारत होता. यान कलंडलं असेल, बॅटरी गेली असेल, अशा चर्चा दोन दिवस चालल्या. काका गच्चीवर गेले, तबकडीपासून खाली येणारी केबल चाचपत चाचपत एका जोडापाशी थांबले आणि म्हणाले, "यान झकास आहे. तुमच्या जोडात दव शिरतंय. ऊन लागलं की सुकतं." त्यांनी जोड उघडला, पुसला, रबराची टोपी बसवली आणि खाली येऊन चहा प्यायले. यानवाल्यांनी नंतर त्यांना पेढे दिले, तर म्हणाले, "आठवडाभर थांबा. मग खातो."

आमचा प्रयोग असा होता : पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड फिरतं, त्यातून तिचं चुंबकत्व तयार होतं. ते फिरणं बघायला तिथे कोण जाणार? म्हणून आम्ही एका टाकीत गॅलियम नावाचा धातू भरला होता. तो अंगाच्या उबेनेही वितळतो. मुंबईच्या मे महिन्यात तर बाटलीत आपोआप त्याचं पाणी होतं. टाकी खालून तापवायची, वरून थंड पाणी खेळवायचं, सगळी हळूहळू गोल फिरवायची आणि आतला धातू कसा वाहतो ते मोजायचं. टाकी काकांनी बनवली होती. गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातो, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी पुस्तकातून वाचून दाखवलं. त्यांनी आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण पुढे केलं. त्याला बोटभर भोक होतं. "मला ठाऊक आहे गो," ते म्हणाले, "माझी बायको अजून बोलते त्यावरून."

तिसऱ्या वर्षी मला लाट सापडली. धातूचा वेग दर चार मिनिटांनी वाढायचा आणि कमी व्हायचा, घड्याळासारखा. अशी लाट असावी असं कागदावर लोकांनी मांडलं होतं, पण टाकीत कुणी पाहिली नव्हती. आमचे सर एरवी मान डोलावण्यापलीकडे काही करत नसत. त्या दिवशी त्यांनी माझी खुर्ची स्वतः ओढून दिली. लेख लिहून तयार झाला. त्याच्या जोरावर मला परदेशातल्या एका प्रयोगशाळेत जागा मिळणार होती, फक्त लेख वेळेत जायला हवा होता. तो सोमवारी पाठवायचा ठरला.

शनिवारी दुपारी मी आकृत्यांची शेवटची तपासणी करत होते. पास्कूकाका दारात येऊन उभे राहिले. चष्मा हातात होता. "पोरी, जरा खाली ये."

खाली टाकीकडे जाणाऱ्या पाण्याच्या नळीला ते नवीन फोम गुंडाळत होते. अर्धी नळी उघडी होती. त्यांनी माझा हात धरून तिच्यावर ठेवला. "आता थंड आहे ना? थांब." आम्ही थांबलो. नळी किंचित, अगदी किंचित कोमट झाली. मग पुन्हा थंड. काका मनगटावरचं घड्याळ बघत होते. "चार मिनिटं," ते म्हणाले. "जेवणानंतर बसून तेरा वेळा मोजलं."

पाणी थंड करणारा आमचा जुना चिलर पाच महिन्यांपूर्वी बंद पडला होता. काकांनी ढगवाल्यांच्या अडगळीतला दुसरा आणून जोडला होता. पाणी पुरेसं थंड झालं की तो थांबायचा, कोमट झालं की सुरू व्हायचा. माझी लाट म्हणजे त्या चिलरचं चालू-बंद होणं होतं.

"काका, हे आत्ता सांगताय?" मी ओरडलेच.

"आत्ताच कळलं गो."

"असेल योगायोग."

"असेल," ते म्हणाले. "उद्या बघू."

रविवारी सकाळची चर्चमधली मिसा चुकवून ते रिक्षात बर्फाच्या लाद्या घालून आले. मरोळच्या मासळीबाजारातून आणलेल्या, गोणपाटात गुंडाळलेल्या. सगळ्या लॅबला बोंबलांचा वास लागला. चिलर काढून त्यांनी पाण्याचं मोठं पिंप जोडलं आणि थर्मामीटर बघत, चिमूटचिमूट बर्फ टाकत, लाकडी काठीने ढवळत ते संध्याकाळपर्यंत उभे राहिले. एकदाही बसले नाहीत. पडद्यावर रेघ सरळ होती. तासामागून तास सरळ. पाच वाजता मी संगणक बंद केला आणि तोंडावर ओढणी धरून रडले. काका काठी घेऊन तसेच उभे होते. शेवटी म्हणाले, "बर्फ उरलाय. सरबत करू काय?"

सोमवारी सरांसमोर मी तोंड उघडायच्या आत काका बोलले, "सर, चिलर मी बदलला. तो चालू-बंद होतो हे हिला सांगितलं नाही. चूक माझी." मग त्यांनी प्रयोगाची नोंदवही मागून घेतली आणि तेच वाक्य आपल्या गोल मराठी अक्षरात लिहून खाली सही केली.

मी गप्प राहिले. खरी गोष्ट अशी होती की संगणक पाण्याचं तापमान नोंदवत होताच. पण वही आटोपशीर दिसावी म्हणून दर दहा मिनिटांची सरासरी घ्यायची, हे मी ठरवलं होतं. सरासरी घेतली नसती, तर ती चार मिनिटं मलाच पहिल्या आठवड्यात दिसली असती. हे मला शनिवारी नळीवर हात असतानाच कळलं होतं. सरांना मी ते पंधरा दिवसांनी सांगितलं, दार लोटून. त्यांनी नेहमीसारखी मान डोलावली.

परदेशातली जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. मला सगळी मोजमापं पुन्हा घ्यावी लागली, वर्ष गेलं. मधेच काका निवृत्त झाले. आणि मग एके दिवशी, पिंपातल्या एकसारख्या थंड पाण्यावर, एक लाट खरोखरच दिसली. आधीच्यापेक्षा कितीतरी क्षीण, नऊ मिनिटांची. दोन महिने मी कुणाला सांगितलं नाही. पिंपाऐवजी वेगवेगळे चिलर लावून पाहिले, टाकी उलटी फिरवली, टेबलाची पातळी पुन्हा लावली. ती राहिली. तेव्हा मी मरोळला फोन केला.

"काका, राहिली."

ते म्हणाले, "बरं झालं गो. लई बरं झालं." मला वाटलं, झालं, फिटलं सगळं.

गेल्या वर्षी ते गेले. दफनानंतर मी त्यांच्या घरी थांबले. फिलूमावशी, त्यांची बायको, ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला.

"तूच काय ती?" त्या म्हणाल्या. "तुझं नाव लई घ्यायचा. जेवताना मधेच थांबायचा आणि बोलायचा, फिलू, त्या पोरीचं एक वर्ष मी खाल्लं. शिकलेली पोर, बाहेरदेशी जाणार होती, माझ्या हातून राहिली. आजारपणात पण तेच."

मी म्हटलं, "मावशी, नाही हो. त्यांनी मला वाचवलं. तो लेख खोटा ठरला असता, मी आयुष्यातून उठले असते. आणि चूक त्यांची एकट्याची नव्हतीच. माझी जास्त होती. अर्धं वर्ष माझ्या डोळ्यांसमोर होतं ते."

मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता, नुसतं विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"हे त्याला सांगितलं होतंस काय?"