वस्तऱ्याचा वॉर्ड आणि मशीनचा वॉर्ड

पुरुषांच्या अंगावरचे केस काढण्यात एखादा माणूस नाव कमावू शकतो, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. त्याचा सख्खा भाऊ तीस वर्षं हसत होता.

हॉस्पिटलात त्याला सगळे सफाचट म्हणत. पेशंट मामा म्हणत, पण ते काय, हॉस्पिटलातल्या प्रत्येक कामगाराला मामाच म्हणतात. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पुरुषांच्या दोन्ही वॉर्डांत त्याची ट्रॉली फिरे. कोमट पाणी, साबण, वस्तऱ्याला नवं पातं, कापूस. ज्याचं पोट फाडायचं त्याचं पोट, ज्याची मांडी त्याची मांडी. हिरवा पडदा ओढला की आत मोठमोठे पुरुष लाजाळूचं झाड होत. कुणी डोळे मिटून घेई, कुणी उगाच क्रिकेटवर बोलू लागे. सफाचट कुणाची थट्टा करत नसे. काम झालं की कोरड्या कापसाचा बोळा तो कातडीवरून हलकेच फिरवी. एक जरी तंतू अडकला, तरी पुन्हा पाणी, पुन्हा साबण, पुन्हा वस्तरा, आणि या खेपेला उलट्या दिशेने. कापूस कुठेही न अडकता घसरला, की त्याचा चेहरा खुले. बडे डॉक्टर शिकाऊ सर्जनांना त्याच्या हातचं पोट दाखवून म्हणत, "हे बघा. काच आहे काच."

या एका वाक्यावर त्याने तीस वर्षं काढली.

केस काढायच्या बाकीच्या तऱ्हांना तो दारातही उभं करत नसे. हल्लीची पोरं गरम मेणाच्या पट्ट्या लावून छाती सोलून घेतात. तसल्या एकाच्या छातीवर केस आतल्या आत वळून फोड आले होते. सफाचट त्याला म्हणाला, "बाबा रे, गवत उपटताना शेताची माती कशाला उपटलीस?" क्रीमचा त्याला वासच सोसत नसे. लावा, दहा मिनिटं घड्याळ बघत बसा, पुसा, आणि नंतर कातडी लाल झाली म्हणून पेशंटच्या शिव्या खा. लेझरबद्दल त्याने नुसतं ऐकलं होतं आणि ऐकूनच नाक मुरडलं होतं. मशीन, म्हणजे केस बारीक करायचं साधं मशीन, ते तर त्याच्या लेखी आळशाचं हत्यार. खुंट ठेवतं. खुंट ठेवायचे तर काम केलंच कशाला?

आणि मग नव्या सिस्टर आल्या. वयाने त्याच्या मुलीएवढ्या, पण शब्दाला पक्क्या. जखमा का पिकतात, एवढंच बघायला त्यांची नेमणूक होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सफाचटला बसवून घेतलं.

"मामा, तुमचा हात छान आहे. पण वस्तरा कितीही हलका फिरवा, कातडीला बारीक ओरखडे येतातच. डोळ्यांना दिसत नाहीत. रात्रभरात त्यात जंतू वाढतात, आणि सकाळी आपण तिथेच कापतो. मशीन खुंट ठेवतं, पण कातडीला लागत नाही. तेही ऑपरेशनच्या दिवशीच फिरवायचं. आणि खरं सांगू? पुष्कळदा केस काढायची गरजच नसते."

सफाचटच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं केलं ते काम गरजेचंच नव्हतं, असं कालची पोर तोंडावर सांगते! तो एवढंच म्हणाला, "बड्या डॉक्टरांना विचारा."

सिस्टरांनी खरंच विचारलं. बड्या डॉक्टरांना नव्याची हौस नव्हती, पण ते नाहीही म्हणाले नाहीत. चार महिने एका वॉर्डात वस्तरा, दुसऱ्यात मशीन. वहीत प्रत्येक पेशंटपुढे सफाचटने लिहायचं, केस कशाने काढले. जखम कशी भरली, ते सिस्टर लिहिणार. शेवटी दोन्ही वॉर्ड शेजारी ठेवून बघायचं. सफाचटने मान हलवली. मनात म्हणाला, बघाच.

तिसऱ्या महिन्यात दादा आला.

दादा म्हणजे थोरला भाऊ. आईबाप लवकर गेले तेव्हा शाळा सोडून बेकरीच्या भट्टीवर उभा राहिला आणि याला वाढवलं. उपकार डोंगराएवढे, पण जीभ तिखट. सफाचटच्या नोकरीची त्याला लाज वाटे. कुणी विचारलं तर सांगे, "धाकटा हॉस्पिटलात असतो." काय करतो, ते सांगत नसे. घरात चार माणसं जमली की म्हणे, "आमच्या साहेबांनी आज किती पोटं भादरली?" सगळे हसत. सफाचटही हसे. घरी गेल्यावर मात्र त्याला जेवण जात नसे.

पिठाची पोती उचलून उचलून दादाला हर्निया झाला होता. शिवाय साखरेचा आजार. त्याला खाट मिळाली ती मशीनच्या वॉर्डात. नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन फिरवायचं होतं. पण आदल्या संध्याकाळीच सफाचट ट्रॉली घेऊन आला आणि त्याने पडदा ओढला. वहिनी स्टुलावर बसली होती. वस्तरा बघून ती म्हणाली, "भावजी, सिस्टर तर सकाळी मशीनने करणार म्हणाल्या."

"मशीन परक्यांना, वहिनी. घरच्याला हात."

वहिनी हसली. तिला बरं वाटलं. आपला माणूस हॉस्पिटलात असला की असंच असतं, हे तिला ठाऊक होतं.

सफाचटने त्या दिवशी आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम केलं. एकदा सुलट, एकदा उलट. कापूस फिरवला, जांघेपाशी एक तंतू अडकला. तिसऱ्यांदा वस्तरा चालवला. दादा छताकडे बघत पडला होता. सवयीने काहीतरी लागट बोलेल म्हणून सफाचट वाट बघत होता. दादा म्हणाला, "हात हलका आहे रे तुझा. कळलंसुद्धा नाही."

पडद्याबाहेर आल्यावर सफाचटला रडू फुटलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, ट्रॉलीला धरून उभा राहिला आणि रडला. सकाळी वहीत दादाच्या नावापुढे त्याने लिहिलं, मशीन. दुसरं काय लिहिणार?

पाचव्या दिवशी टाक्यांभोवती लाली आली. सातव्या दिवशी पू. टाके उघडले, आत बसवलेली जाळी काढली, औषधं बदलली. मग पू रक्तात गेला. सोळाव्या दिवशी दादा गेला.

डॉक्टर म्हणाले, साखर होती, वय होतं, अशा वेळी एकच कारण सांगता येत नाही. कुणी सफाचटकडे बोट दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. उलट वहिनी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगे, "भावजींनी काही कमी केलं नाही हो. स्वतःच्या हातांनी सगळं केलं." ते ऐकलं की तो उठून मोरीत जाई आणि नळ सोडून उभा राही.

चार महिने संपले. बड्या डॉक्टरांच्या खोलीत सिस्टरांनी वही उघडली. वस्तऱ्याच्या वॉर्डात सात जखमा पिकल्या होत्या, मशीनच्या वॉर्डात दोन.

"पण गेलेला माणूस तुमच्या मशीनचा आहे," बडे डॉक्टर म्हणाले. "सात बरे झाले, सिस्टर. हा मेला. वस्तराच चालू राहील." मग दारात उभ्या असलेल्या सफाचटकडे बघून म्हणाले, "तुझंच खरं ठरलं बघ."

सिस्टर वही मिटू लागल्या. सफाचट आत आला. "साहेब, दादाला मशीन नाही लावलं. वस्तरा लावला. मी. तीनदा. वहीत खोटं लिहिलं."

बडे डॉक्टर उठले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ गेला की माणूस असाच स्वतःला दोष देतो. चार दिवस रजा घे. तुझ्यासारखा माणूस वहीत खोटं लिहील, हे मला पटत नाही."

तीस वर्षांत कमावलेल्या नावाचा हा असा उपयोग झाला! तो खरं बोलत होता आणि त्याच्या चांगुलपणापायी कुणी ऐकत नव्हतं. जिन्यात सिस्टरांनी त्याला गाठलं. "माझा विश्वास आहे, मामा. पण कुणी पाहिलं होतं का?"

पाहिलं होतं. एकाच माणसाने.

दोन दिवस त्याने काढले. उद्या संध्याकाळी पुन्हा ट्रॉली, पुन्हा कुणाचा तरी दादा. तिसऱ्या दिवशी तो वहिनीकडे गेला आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. वहिनी पापड लाटावा तसा हातातला रुमाल पुन्हा पुन्हा सपाट करत राहिली. मग म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"मला आणखी एकदा विचारायला हवं होतं का?"

"नाही वहिनी, तुमचा काय दोष?"

"उद्या येते," ती म्हणाली. आणि त्याला पाणीसुद्धा न विचारता आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती बड्या डॉक्टरांसमोर खुर्चीत ताठ बसली. त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः वस्तरा पाहिला?"

"पाहिला. आदल्या संध्याकाळी. मी म्हणालेही होते, सिस्टर मशीन सांगून गेल्या आहेत म्हणून."

"तुम्हाला माहीत होतं, मग अडवलं का नाही?"

त्यांना तसं म्हणायचं नसावं. पण शब्द गेला तो गेला. सफाचट मागून म्हणाला, "साहेब, मीच त्यांना सांगितलं—" पण तिने हात वर करून त्याला थांबवलं. सिस्टरांनी वहीतलं 'मशीन' खोडून 'वस्तरा' लिहिलं. वहिनीने शेजारी सही केली. सही करताना तिचा हात स्थिर होता.

त्याच दुपारी दोन्ही वॉर्डांतले वस्तरे गोळा झाले. खोट्या नोंदीबद्दल सफाचटला एक पत्र मिळालं, नोकरी मात्र राहिली. आता मशीन फिरवणाराही कुणीतरी लागणारच होता.

पण त्याआधी तो वहिनीच्या मागे हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत धावला होता. "वहिनी, तुमच्यामुळे किती जीव वाचतील, ठाऊक आहे?"

वहिनी थांबली. "वाचोत. पण भावजी, इतके दिवस मला वाटत होतं, नशिबाने गेले. रात्री झोप लागत होती." तिने पदर सावरला. "तुमचं ओझं उतरलं ना? आता घरी येऊ नका."

ती रस्ता ओलांडून गेली. तो फाटकात उभा राहिला, आणि वॉर्डातून कुणीतरी मामा, मामा म्हणून हाका मारत होतं.